हातवाले डॉक्टर

गोंदियातल्या या डॉक्टरांचं खरं नाव फक्त चिठ्ठीवर असायचं. लोक त्यांना हातवाले डॉक्टर म्हणत. पेशंट समोर बसला की ते आधी त्याचा हात हातात घेत, आणि नाडी बघून झाली तरी सोडत नसत. तळवा गार आहे की गरम, कोरडा की घामेजलेला, बोटं थरथरतात का, रेषा काळवंडल्यात का, अंगठी अलीकडे घट्ट होऊ लागली का, हे सगळं ते शांतपणे बघत बसत. सालेकशाकडून आलेल्या एका म्हाताऱ्याला ते ज्योतिषी वाटले, आणि त्याने पोराचं लग्न कधी होईल असं विचारलं. डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, "थे मले नाही दिसत बाबा. पण तुमचा थायरॉईड लय जोरात पळून राहिला, थे दिसते."

मी तेव्हा गोंदियात कॉलेजला होते आणि त्यांच्या दवाखान्यामागच्या गल्लीत खोली घेऊन राहत होते. ते मूळचे आमगावकडच्या शेतकरी घरातले. बाजारातल्या माणसाशी हिंदीत बोलत, पण खेड्यातला पेशंट दिसला की झाडीबोलीवर येत. कुणी आल्या आल्या रिपोर्टांची पिशवी पुढे केली की ती बाजूला ठेवत. "कागद मागून पाहतो. आधी माणूस पाहू दे," म्हणत.

लाजेच्या गोष्टी ते मोठ्याने विचारत. पाळी, अंगावरचं दूध, बाईच्या हनुवटीवर आलेले केस, काहीही असो. बरोबरचा नवरा खाली बघू लागला की त्यालाच विचारत, "तुम्ही काऊन लाजता? दुखणं तिले झालं." आठवडी बाजारात ताकदीच्या म्हणून मिळणाऱ्या स्टेरॉईडच्या गोळ्यांवर त्यांचा फार राग होता. त्या खाऊन बाई गोल चेहऱ्याची झाली की घरचे खूश होत. डॉक्टर म्हणत, हे अंग नाही, ही सूज आहे. तेंदूपत्ता तोडणाऱ्या अशाच एका बाईने हळूहळू कमी करायचं त्यांचं सांगणं न ऐकता त्या गोळ्या एकदम बंद केल्या आणि ती गेली. नंतर बरेच दिवस ते आलेल्या प्रत्येकाला तीच गोष्ट सांगत राहिले, समोरच्याला गरज असो वा नसो.

माझी मोठी बहीण शीलाताई केशोरीला दिली होती. पहिल्या बाळंतपणात घरीच तिचा फार रक्तस्राव झाला. मुलगी वाचली, ताईही वाचली, म्हणून सगळे सुटलो असं समजलो. पण त्यानंतर ताई पहिल्यासारखी राहिलीच नाही. ऐन वैशाखात ती गोधडी घेऊन बसे. केस गळाले, भूक गेली, पाळी पुन्हा आलीच नाही. धानाच्या रोवणीला गेली की बांधावरच झोपून जाई. आम्ही बौद्ध, आमच्यात भगताकडे कोणी नेलं नाही. पण आळशी म्हणायला भगत लागत नाही. सासू उठता-बसता तेच म्हणे, आणि दुसरं मूल होत नाही म्हटल्यावर भाऊजींच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी घरात सुरू झाली.

चार वर्षं अशी गेली. मग एका डॉक्टरांनी तपासणी करून थायरॉईडची गोळी दिली. आता बरी होईल असं वाटलं, तर ती जास्तच खंगली. उलट्या सुरू झाल्या, उभं राहिलं की चक्कर येई. अशा अवस्थेत भाऊजी आणि सासू तिला जीपमध्ये घालून माझ्याकडे घेऊन आले. मी तशीच तिला मागच्या दाराने दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी तिचा हात घेतला. तो गार आणि मेणासारखा पांढरा होता. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला. मग त्यांनी सासूला विचारलं, "आजी, पोरगी झाली तवा हिले दूध आलं होतं?"

सासू म्हणाली, "एक थेंब नाही आला. पोरीले आम्ही गाईच्या दुधावर वाढवलं."

चार वर्षांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. डॉक्टर लगेच उठले आणि त्यांनी सिस्टरला सलाइन व इंजेक्शन तयार करायला सांगितलं. रक्त नागपूरला पाठवलं, पण रिपोर्टची वाट बघितली नाही. बाहेर आल्यावर त्यांनी समजावलं की मेंदूच्या खाली लाखोरी डाळीच्या दाण्याहून थोडीशी मोठी एक ग्रंथी असते. बाळंतपणात फार रक्त गेलं तेव्हा ती सुकली. दूध, पाळी, ताकद, अंगातली ऊब, सगळं तिच्या हुकमावर चालतं.

भाऊजींनी भीत भीत विचारलं, की मग आधीची गोळी चुकीची होती का.

"गोळी बरोबर होती, पाळी चुकली," डॉक्टर म्हणाले, आणि भाऊजी आणखीच गोंधळले तेव्हा हसून पुढे बोलले, "म्हणजे आधी कोणती, मंग कोणती, थे चुकलं. बांधीत पाणी नसताना रोवणी केली तं धान जगते का? हे इंजेक्शन म्हणजे पाणी, थे आता आधी देऊन राहिलो." मग सासूकडे वळून त्यांनी आवाज उतरवला. "आजी, तुमची सून आळशी नाही. चार वर्स थे अर्ध्या जिवावर तुमच्या घरी राबली."

तिसऱ्या दिवशी ताईने उठून स्वतःची वेणी घातली आणि भात मागून घेतला. दुसऱ्या लग्नाचा विषय केशोरीत पुन्हा कुणी काढल्याचं मला आठवत नाही. ताईला जन्मभर गोळ्या लागणार होत्या, दुसरं मूल काही झालं नाही. पण ती कामाला लागली, भांडायलाही लागली.

दहाएक वर्षांनी एका उन्हाळ्यात डॉक्टर झोपेतच गेले. दवाखान्याच्या अंगणात शोकसभा झाली. गावोगावचे पेशंट आले होते, केशोरीहून ताई आणि तिची सासूही. पुढाऱ्यांची आणि इतर डॉक्टरांची भाषणं झाल्यावर कुणाला बोलायचं आहे का असं विचारलं, तेव्हा माझ्या शेजारून ताई उठली. ती कधी चारचौघांत बोलली नव्हती. पुढे सगळे पुरुष बसले होते.

"माही पाळी चार वर्स बंद होती," ती म्हणाली. "मले दूध आलं नाही. मले वाटे, माहाच दोष हाये. डॉक्टरसाहेबांनी सांगितलं, हा रोग हाये. ज्या बायांले असं झालं, त्यांनी घरात लपून राहू नये. एवढंच."

मागे बसलेल्या एक-दोघी बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. ताई परत आली. सासू सतरंजीवर सरकली आणि तिला आपल्या शेजारी जागा करून दिली.