बाळांसाठीचं रक्त

नव्वदच्या दशकात कोलोरॅडोतल्या डोंगरावरच्या एका गावात आमची रक्तदानाची गाडी जायची. रस्त्यावरचा बर्फ काढणारी एक बाई दर खेपेला यायची. स्वतःच बाही वर करायची आणि सुईकडे टक लावून बघायची. त्या उंचीवर राहून हिमोग्लोबिन भरपूर. मी तिथली टेक्निशियन, लोहाच्या गोळ्या खाऊनही फिकटच! त्यात तिचा गट ओ निगेटिव्ह. शिवाय बहुतेकांना लहानपणीच गाठणारा एक विषाणू तिला कधी झालाच नव्हता, रक्तात त्याच्या अँटिबॉडीज नव्हत्या. तिच्या रक्तातून तो विषाणू जाण्याची भीती नाही, म्हणून तिची पिशवी अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी जायची. सगळे तिचं कौतुक करायचे आणि माझा नुसता जळफळाट.

एकदा न राहवून म्हटलं, "नशीबवान आहात."

"तुझ्यात आहेत त्या अँटिबॉडीज?"

"असणारच. साताऱ्यात आम्ही भावंडं एकमेकांचं उष्टं खात वाढलो. आता धाकटी लेक माझे गाल चोखते."

पिशवी भरल्यावर तिने कापूस दाबून धरला. मग म्हणाली, "डॉक्टर सांगत होते, तो विषाणू पोरांच्या लाळेतून येतो. माझ्या घरात पोर कधी आलंच नाही."

आणि इतके दिवस मी तिच्या पिशवीकडे बघत होते, तशी ती माझ्या गालाकडे बघत राहिली.