आठ मालक, अकरा खेळाडू

किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही. साठीच्या पुढची आठ माणसं एका कमिटीत बसवा आणि त्यांच्या हातात असा खेळ द्या, जो त्यांच्यातला एकही जण कधी खेळलेला नाही. आठवड्याला दोन किस्से नक्की! इंदिरानगरच्या आमच्या बास्केटबॉल कमिटीने मला पोतंभर पुरवलेत.

या कमिटीपायी मी डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडला. अध्यक्ष अप्पांनी कोर्टवर उभं राहून छातीठोक सांगितलं होतं, "पोरांनो, क्रिकेटचे दिवस संपले. आपण प्रोफेशनल लीग काढतोय. कंपनीशी करार, महिन्याला पगार!"

वडील म्हणाले, "जाळीत चेंडू टाकायचा पगार कोण देतं रे?"

मी त्यांच्याशी दोन महिने बोललो नाही. ते खरे ठरू नयेत, एवढीच तेव्हा माझी इच्छा होती.

*

लीग म्हणजे टीम हव्यात. पहिल्याच मीटिंगमध्ये अप्पांनी विचारलं, "टीमचा मालक कोण कोण होणार?" आठही हात वर! सेक्रेटरी देसले सर म्हणजे रिटायर्ड पी.टी. शिक्षक. त्यांनी ताबडतोब आठ टीम लिहून टाकल्या.

मी मागून म्हणालो, "सर, आम्ही खेळाडू अकराच आहोत. एका टीमलाच पाच लागतात."

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "निगेटिव्ह बोलायचं नाही. मालक मिळणं अवघड असतं. खेळाडूंचं काय, उंच माणसं कुठेही मिळतात!"

*

आमच्यातला सर्वांत उंच बापू. दिंडोरीचा, सहा फूट चार इंच, घरची द्राक्षबाग. छाटणीच्या दिवसांत तो आठवडाभर प्रॅक्टिसला आला नाही. उगवला तसे देसले सर कडाडले, "बाग महत्त्वाची की लीग?"

बापू शांतपणे म्हणाला, "बाग दरसाल येती, सर. तुमची लीग कदी येनार हाय?"

*

मग जर्सी आल्या. छातीवर द्राक्षाच्या औषधाच्या दुकानाचं नाव. पाठीवर अध्यक्ष, सेक्रेटरी आणि 'मार्गदर्शक' अशी आठही नावं, वरपासून खालपर्यंत. नंबराला जागाच उरली नाही!

प्रॅक्टिस मॅचला रेफ्रींनी फाउलची शिट्टी मारली आणि बोट तसंच हवेत धरून उभे राहिले. "फाउल... कोणाचा म्हणू? सगळ्यांच्या पाठीवर अप्पाच आहेत!"

देसले सर बाहेरून ओरडले, "अप्पांच्या नावावर फाउल लावायचा नाही!"

*

अप्पांचा धंदा मंडप डेकोरेशनचा. लगीनसराईत आमच्या कोर्टवर त्यांचाच मंडप, आमची प्रॅक्टिस रस्त्यावर. एकदा त्यांच्या माणसांनी झालर थेट रिंगला बांधली आणि दोर असा ओढला की रिंग चांगली वीतभर खाली झुकली.

मी तणतणत अप्पांकडे गेलो. अप्पा उलट खूश! "बरं झालं की रे! आता बास्केट जास्त पडतील. पब्लिकला स्कोअर लागतो, स्कोअर!"

असल्या लोकांच्या भरवशावर मी शिक्षण सोडलं होतं.

*

आणि एक दिवस खरंच मुंबईच्या एका कंपनीचे साहेब आले! करारांचे कागद टेबलावर ठेवून म्हणाले, "भाषणं नकोत. मुलांना खेळताना बघतो. आवडली तर इथेच सही. फक्त साडेसहाला मला निघायचंय."

तेव्हा पाच वाजले होते. आम्ही दहा जण दोन टीम करून वॉर्मअपला उतरलो. मी बुटांच्या नाड्या दोनदा सोडून पुन्हा बांधल्या.

आधी दीपप्रज्वलन. उघडं कोर्ट, त्यात वारा. आठ मालक समईभोवती कडं करून उभे राहिले, तरी ज्योत टिकेना. वीस मिनिटं गेली. मग सत्कार. आधी साहेबांचा, मग मालकांनी एकमेकांचा. शाल, नारळ, फोटो. शाल, नारळ, फोटो. आमचा वॉर्मअप तीनदा झाला. बापू तर मांडी घालून बसला.

सव्वासहा झाले. साहेबांनी घड्याळ पाहिलं. देसले सरांनी घाईघाईने माईक ओढला, "प्रमुख पाहुण्यांना वेळ कमी असल्याने आपण बक्षीस समारंभ आधी उरकून घेऊ!"

पण कप द्यायचा कोणाला? दोन्ही टीमच्या मालकांत जुंपली. शेवटी टॉस झाला. आमची टीम हरली. बापूला 'सामन्याचा उत्कृष्ट खेळाडू' म्हणून पुकारलं.

"सर, म्या बॉलला हात बी नाय लावला!"

"गप घे रे, फोटो निघतोय!"

साहेब अंगावर शाल, एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात पेन घेऊन उभे होते. त्यांनी विचारलं, "अहो, पण मॅच?"

अप्पांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि प्रेमाने त्यांना गाडीकडे वळवत म्हणाले,

"आता कशाला, साहेब? निकाल लागला की!"