शत्रूचं ताट

दर्शन रत्नागिरीचा, जहाजावर इंजिनिअर, म्हणजे सिंगापुरातल्या क्वीन्सटाउनच्या स्वतःच्याच फ्लॅटमध्ये वर्षातून निम्मा पाहुणा. त्याची बायको लारिसा रशियन, पण कालिनिनग्राडची. आणि हा ‘पण’ बाईच्या पाचवीलाच पुजलेला.

गाव मूळचं जर्मनांचं. दुसऱ्या महायुद्धात ते जिंकताना लारिसाचे आजोबा मेले. युद्ध संपल्यावर जर्मनांना हाकललं आणि त्यांच्या घरांत रशियन वसवले. विधवा आजीला लाल विटांचं घर मिळालं. अंगण खणताना तिला चिनी मातीची ताटं सापडली, जुन्या मालकांनी जाताना पुरलेली. आजी त्यांतच सणाचं वाढू लागली. आता त्या घरात लारिसाची आई एकटी राहते. गावाला लोक अजून लाडाने जुन्या जर्मन नावाने ‘क्योनिग’ म्हणतात, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

सिंगापुरात लारिसा शनिवारी रशियन मुलांना शिकवायची. तेवढ्या एकाच जागी ती कुणाची फॉरेनर बायको नव्हती. मुलगी गार्गीही त्याच वर्गात होती, आणि आईच्या आईला ‘बाबुश्का’ म्हणायची.

२०१५च्या विजयदिनाला, म्हणजे जर्मनीला हरवल्याच्या सणाला, सगळे ईस्ट कोस्टच्या पार्कात जमले. जो तो युद्धात लढलेल्या आजोबांचा फोटो घेऊन आलेला. लारिसाने आजोबांच्या फोटोपुढे कोबी भरलेल्या करंज्या ठेवल्या, माहेरून आणलेल्या आजीच्या सणाच्या ताटात. करंज्या संपल्या तशी काठावरची जर्मन प्रार्थना उघडी पडली.

“हे काय?” शाळेच्या प्रमुख, मॉस्कोच्या तमाराबाईंनी विचारलं.

“आमच्या क्योनिगचं ताट!” लारिसा कौतुकाने म्हणाली. वेडी! कुठे काय बोलावं, याचा पोच नको?

दुसऱ्याच दिवशी निरोप आला, असल्या अर्ध्या जर्मन बाईकडे मुलं सोपवता येणार नाहीत.

“अगं, माफी मागून मोकळी हो,” जहाजावरून दर्शन म्हणाला. “एका ताटासाठी कशाला जीव जाळतेस?”

लारिसा नाक मुठीत धरून गेली. सगळ्या पालकांसमोर म्हणाली, “ताट शत्रूचं, घरही शत्रूचं. त्यातलं आमचं काही नाही.” वर्ग परत मिळाला. तिला स्वतःची शिसारी आली.

परतताना एमआरटी मेट्रोत गार्गीने विचारलं, “मम्मा, बाबुश्का एनिमीच्या घरात राहते? मग सुट्टीत आपण तिकडे जायचं की नाही?”

डब्यात शाळेतले दोन पालक उभे होते. दोघांनीही माना वळवून लारिसाकडे पाहिलं.

“नाही जायचं,” लारिसा म्हणाली.