आमची भागूबाई आणि बिल्डचा दुवा

माझी वहिनी भित्री. साधीसुधी नाही, नामांकित भित्री. बाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून बघणार, गॅस बंद केला का म्हणून अर्ध्या जिन्यातून परत येणार, आणि मी 'पोचले' असा फोन केला नाही की दादाला माझ्या शोधात पिटाळणार. ती लग्न होऊन घरात आली त्याच महिन्यात मी तिचं नाव भागूबाई ठेवलं. ती नुसती हसायची. हिला राग कसा तो येतच नाही, असं मला वाटायचं.

ती इस्पितळातले कॉम्प्युटर सांभाळते. तिथेच माझी मुलगी सातव्या महिन्यात जन्मली, सव्वा किलोची, आणि थेट काचेच्या पेटीत गेली. त्या खोलीत अशा सहा पेट्या, बाळं पाच. प्रत्येक पेटीतली वायर एकाच कॉम्प्युटरला जोडलेली. बाळ श्वास घेईल तशी पडद्यावरची त्याची हिरवी रेघ वरखाली व्हायची. एवढीशी बाळं कधीकधी श्वास घ्यायचंच विसरतात, असं सिस्टरनी मला सांगून ठेवलं होतं. विसरलं की कॉम्प्युटरची घंटा वाजते, मग तळव्याला टिचकी मारायची. त्या घंटेच्या भरवशावर मी दोन दिवस काढले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला वीज गेली आणि लगेच आली. पेट्या बॅटरीवर चालू राहिल्या. कॉम्प्युटर मात्र नव्याने सुरू झाला आणि सगळ्या रेघा गायब.

वहिनी धावत आली, मागोमाग इस्पितळाचा मॅनेजर. तिने कीबोर्ड पुढ्यात ओढला.

"अगं, झालंय काय ते सांग तरी!" मी ओरडले.

"वायरी कॉम्प्युटरमधल्या ज्या कार्डाला जोडल्यात ते जुनं आहे. ते चालवणारं मॉड्यूल, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, मलाच बनवावा लागतो, आणि तो चालू कर्नलच्याच मापाचा लागतो. कर्नल म्हणजे या कॉम्प्युटरवरच्या लिनक्स सिस्टीमचा गाभा गं."

"मग बनव ना!"

"बनवताना आधी बघितलं जातं, आत्ता कोणत्या आवृत्तीचं कर्नल चालू आहे. मग त्याच आवृत्तीच्या नावाचा फोल्डर. त्यात 'बिल्ड' नावाचा दुवा असतो. मॉड्यूल ज्यांच्यावरून बेततात त्या कर्नलच्या सोर्स फाइल्स कुठे आहेत, ते तो दाखवतो." तिने पडद्यावर बोट टेकवलं. ती ओळ लाल दिसत होती. "दुवा आहे. तो दाखवतो तिथे काहीच नाही. परवा नवं कर्नल आपोआप आलं, आज तेच चालू झालं. जुनं जागेअभावी काढून टाकलंय, नाहीतर त्यावर परत गेले असते. नव्याच्या फाइल्स टाकायच्या माझ्याकडून राहिल्या."

परवा. परवा दिवसभर ती माझ्या उशाशी बसली होती, माझा हात धरून.

मॅनेजरला या विषयातलं थोडंफार कळायचं, आणि तेच वाईट होतं. "जुन्या कर्नलच्या फाइल्स आहेत ना अजून? दुवा तिकडे वळवा. मॉड्यूल बनेल. कर्नलने नाही घेतलं तर जबरदस्तीने चढवा. दोन मिनिटांचं काम, मॅडम."

"चढेलही," वहिनी म्हणाली. "पण मी ते करणार नाही."

माझा तोल गेला. "भागूबाई, आज तरी घाबरू नकोस! माझं लेकरू आहे ते!"

ती पांढरीफटक पडली. "लग्नाआधी मी औषधांच्या शीतगृहात होते. तिथे मी हेच केलं होतं. पडदा सुरू झाला, सगळ्यांनी पाठ थोपटली. तापमान चार अंश. दुपारी चार, संध्याकाळीही चार. गार ठेवणारं यंत्र केव्हाच बंद पडलं होतं गं, पडदा सकाळचाच आकडा दाखवत होता. औषधं होती म्हणून फेकून देता आली."

तिने टेबलाच्या खणातून पेनड्राइव्ह काढला.

"नोंदणीच्या खिडकीतल्या कॉम्प्युटरवर हेच कर्नल आहे, त्याच्या फाइल्स मी तिथे टाकल्यात. घेऊन येते. वीस मिनिटं लागतील. तोवर पोरीच्या पोटाकडे बघ. वर गेलं की एक मोज. बाकीच्यांकडे सिस्टर बघतील." आणि पेनड्राइव्ह मुठीत धरून ती पळत सुटली.

मी मोजायला लागले. तेवढी भीती मला बाळंतपणातही वाटली नव्हती. काचेला कपाळ टेकवून मोजत होते, पापणी मिटायचीही धास्ती वाटत होती. तीनशे अकरा. तीनशे बारा. मग पोट वर आलंच नाही.

"सिस्टर!"

सिस्टर दोन पेट्या पलीकडे होत्या. आल्या, हात आत घातला, तळव्याला टिचकी मारली. एकदा. पुन्हा एकदा. पोरीने तोंड वेडंवाकडं केलं आणि मांजरीच्या पिल्लासारखी बारीक रडली. दोन मिनिटांचं ते काम झालं असतं, तर त्या वेळी मी पोरीकडे नाही, हिरव्या रेघेकडे बघत असते.

वहिनी धापा टाकत आली. फाइल्स जागेवर पडल्या, दुव्याची लाल ओळ बदलली, मॉड्यूल बनलं आणि कुरकुर न करता चढलं. पाच रेघा उमटल्या.

"झालं एकदाचं," मॅनेजर म्हणाला.

"थांबा." तिने सहाव्या, रिकाम्या पेटीतली वायर ओढून स्वतःच्या छातीला लावली. सहावी रेघ वरखाली होऊ लागली. मग तिने श्वास रोखला. रेघ सपाट झाली. घंटा अजून गप्प होती. तिचा चेहरा लाल झाला, कपाळावरची शीर फुगली.

"वहिनी, पुरे गं!"

तिने मान हलवली. नाही.

घंटा वाजली.

वहिनीने मोठ्ठा श्वास घेतला, वायर काढली आणि तिथेच जमिनीवर बसून हमसून हमसून रडायला लागली. मी तिच्याशेजारी टेकले. जरा वेळाने तिने पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, "आता बघ पडद्याकडे."