नामदेवभाऊंच्या पायजम्यावरचा निळा डाग

भुताखेतांच्या गोष्टी या ग्रुपवर मी वाचते ते दुपारचं जेवण पचावं म्हणून. आम्ही बौद्ध. घरात अंगारा-धुपारा, गंडा-दोरा कधी शिरला नाही. त्यात नगर परिषदेत बावीस वर्षं लोकांचे अर्ज हाताळतेय, त्यामुळे भुतंच काय, जिवंत माणसांवरही माझा फारसा विश्वास उरलेला नाही. तरी हे लिहितेय, कारण हे भरदिवसा, चारचौघांत घडलंय.

ठिकाण लोधीखेडा, तालुका सौंसर. गावाच्या टोकाला माझं घर, त्याला लागून दोन एकर संत्री. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, पलीकडे नामदेवभाऊंचा बगीचा.

माझा कुत्रा भुऱ्या पिटबुल होता. नागपूरच्या माझ्या बहिणीने तो हौसेने घेतला. मग टीव्हीवर त्या जातीच्या कुत्र्यांनी माणसांवर हल्ले केल्याच्या बातम्या सुरू झाल्या, सोसायटीने कटकट केली आणि मी त्याला इकडे आणलं. खोटं कशाला सांगू, गाडीत तो मागे आणि मी पुढे जीव मुठीत धरून बसले होते. ते रुंद डोकं, तो जबडा! सौंसर यायच्या आत त्याने हनुवटी माझ्या खांद्यावर ठेवली आणि चक्क घोरायला लागला. माझी भीती तिथेच संपली.

त्याला एकच खोड होती, टेकायची. माणूस दिसला की जवळ जायचं आणि अख्खं वजन त्याच्या पायावर टाकून उभं राहायचं. आमच्याकडे पावसाळ्याच्या आधी आणि नंतर संत्र्याच्या बुंध्यांना बोर्डो पेस्ट लावतात. मोरचूद आणि चुन्याची निळी लापशी असते ती, बुरशी लागू नये म्हणून. हा शहाणा ओल्या बुंध्यांना अंग घासायचा आणि मग लोकांना टेकायला जायचा. लोक अर्थातच पळायचे.

भुऱ्याविरुद्ध दोन पानं सह्यांचा अर्ज आला, तोही माझ्याच टेबलावर! मीच त्यावर आवकचा शिक्का मारला. पहिली सही नामदेवभाऊंची होती. हा माणूस कायम कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत फिरणारा.

"ताई, ते कुत्रं नोहे, वाघ होय. मी मोबाईलवर रोज पाहून राहिलो ना!"

"भाऊ, एकदा हात तर लावून पाहा."

"हात गेला तं तुमी देसान काय?"

पावसाळ्यानंतरची पेस्ट लावून झाली होती. दुपारी जेवायला घरी आले तर भुऱ्या धुऱ्यावर पडलेला. तोंडाला फेस, शेजारी गुळाच्या पोळीचा तुकडा, त्याला फवारणीच्या औषधाचा उग्र वास. मला पाहून तो उठायला लागला. टेकायचं होतं त्याला. जमलं नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच नामदेवभाऊंच्या दारात जाऊन उभी राहिले.

"मले काय मालूम जी?" ते म्हणाले. "कुठं काही खाल्लं असन त्यानं."

"मग जामसावळीला चला. मारुतीसमोर शपथ घ्या."

मारुतीवर माझी श्रद्धा नाही, पण त्यांची आहे, म्हणूनच म्हटलं. सगळी गल्ली ऐकत होती, नाही कसं म्हणतील? शनिवारी गल्लीतली दहाबारा माणसं आणि मी त्यांच्यासोबत गेलो. धुतलेले पांढरे कपडे घालून, हात जोडून, या माणसाने खोटी शपथ घेतली. मी बघत होते. याचं वाटोळं होऊ दे, असंच मनात होतं माझ्या. आम्ही सगळे बाहेर पायऱ्यांवर आलो, तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "भाऊ, पायजम्याले काय लागलं जी?"

उजव्या गुडघ्याच्या खाली तळहाताएवढा निळा डाग होता... आणि ओला. मी बोट लावून पाहिलं. बोर्डोच. तिथे कुठे होतं हो संत्र्याचं झाड?

त्यानंतर तो डाग रोज पडायला लागला. रोज त्याच जागी. नामदेवभाऊंच्या बायको मंदाताई नळावर रडकुंडीला यायच्या, "सोडा लावून लावून हात फाटले वं माये!" भर उन्हाळा सुरू झाला, अख्ख्या शिवारात कोणाकडे पेस्ट नव्हती, तरी डाग होताच. त्यांनी काळी पँट घालून पाहिली. त्यावर तर तो लांबूनच दिसायचा. मला वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. सकाळी चहा घेऊन मी मुद्दाम फाटकात उभी राहायचे, ते जाताना पाहायला.

मग बोरगावच्या एका माणसाने आमच्या गावात घर घेतलं. त्याच्याकडेही तसाच कुत्रा. पुन्हा अर्ज, पुन्हा सह्या. ऑफिसात सगळे जमले, मालक कुत्र्याला घेऊनच आलेला. लोक भिंतीला चिकटून उभे. नामदेवभाऊ उठले. मला वाटलं, झालं, आता हाकला म्हणणार.

"काही करत नाही ते," ते म्हणाले. "नुसतं टेकते. भेवाचं काम नाही." आणि जाऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांच्यामागून एकेकाने ठेवला. अर्ज तसाच पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्या दारात आले. वाळून अर्धे झाले होते.

"ताई, मीनंच घातलं होतं. पोळीत."

मला हेच त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं, कितीतरी महिने.

"त्याले बोलावून घ्या ना! चावत नाही, गुरगुरत नाही. मी बसलो का येते अन् टेकते. मीनं मारलं त्याले, अन् मलेच टेकते. हे नाही सोसत जी. तुमच्या हाकेवर येईन तो."

"नाही बोलावणार," मी म्हटलं. "सोसा." आणि दार लावून घेतलं. त्या दुपारी मी पोटभर जेवले.

यावर कोणाकडे काही खुलासा असेल तर खाली लिहा, मला काहीही सापडलेलं नाही. नामदेवभाऊंनी परत कधी विचारलं नाही. आता ते संध्याकाळी ओट्यावर बसतात तेव्हा उजवा हात खाली सोडलेला असतो आणि बोटं हळूहळू हलत असतात, काहीतरी कुरवाळल्यासारखी. चेहराही पूर्वीसारखा ओढलेला नसतो. मंदाताई म्हणतात, हल्ली झोप लागते त्यांना.

ते पाहिलं त्या दिवशी मी बगीच्यात गेले आणि भुऱ्याला हाक मारली. मग रोज मारायला लागले. आज सकाळीही मारली.

माझ्याकडे तो एकदाही आलेला नाही.