लहान आकड्याचा मान

मामा आमच्या पॅथॉलॉजी लॅबचे सर्व्हर सांभाळायचा. सख्खा मामा, आणि साहेबही तोच. त्यामुळे मी घरी आणि कामावर, दोन्हीकडे बोलणी खायचे.

सर्व्हरवर सॉफ्टवेअरची पॅकेजेस दोन भांडारांतून यायची. एक सिस्टिमचं मूळ भांडार, दुसरं बाहेरच्या लोकांनी चालवलेलं. एकाच नावाचं पॅकेज दोन्हीकडे असलं की बाहेरचं नवं येऊन मुळातल्याला हुसकावायचं, आणि त्याच्या जिवावर चालणारं सगळं आडवं व्हायचं. म्हणून मामाने भांडारांना क्रमांक दिले होते. मूळ भांडाराला एक, बाहेरच्याला नव्वद. इथे लहान आकड्याचा मान मोठा, हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते. "पाहुण्याला पोटभर वाढ, पण तिजोरीची किल्ली देऊ नकोस," असं वर असायचंच.

त्या सकाळी एकही रिपोर्ट उघडेना. बाहेर तीसेक पेशंट ताटकळलेले, त्यात एका बाईचं ऑपरेशन रक्ताच्या रिपोर्टवर अडलेलं. बघते तर आपोआप होणाऱ्या अपडेटमध्ये बाहेरच्या भांडाराने मुळातली सोळा पॅकेजेस बदललेली. क्रमांक चक्क उलटे! मुळाला नव्वद, बाहेरच्याला एक.

"कुठल्या गाढवाने केलं हे?" मामा कडाडला. बघत होता माझ्याचकडे.

मी सर्व्हरवरची बदलांची नोंद उघडली. बदल काल सकाळी सव्वाअकराला, मामाच्या लॉगिनने.

"शक्यच नाही. काल मी आलोच नव्हतो."

काल तो आला होता. माझा अर्धा डबा खाऊन, वर मीठ कमी म्हणून नावं ठेवली होती. मी तसं सांगितलं. चेष्टा समजून तो हसला, मग माझं तोंड बघून थांबला. मला त्याच्याकडे बघवेना. बेचाळीस मशिनांचे पत्ते तोंडपाठ असणारा माणूस हा!

मी क्रमांक सुलटे केले, मुळातली पॅकेजेस परत बसवली. वीस मिनिटांत ऑपरेशनवाल्या बाईचा रिपोर्ट गेला. तेवढ्यात मॅनेजरबाई आल्या. "कुणाची चूक?"

मी तोंड उघडलं, पण मामाने हातानेच गप्प केलं. "माझी," तो म्हणाला.

बाई गेल्यावर त्याने खुर्ची जवळ ओढली. "मामीला मी सांगतो. तू माझं लॉगिन बंद कर."

"मामा, आधी डॉक्टरांकडे तरी जाऊ..."

"जाऊ गं. पण आधी हे कर. मला कळतंय तोवर."

कमांड त्यानेच सांगितली, एक अक्षरही न चुकता. मी रडत रडत एंटर दाबलं.