दुबई दीड तासावर

...तर काल आपण तिथंच थांबलो ना, काशीराम सहारच्या विमानतळावर कामाला लागला तिथं? मग ऐका. संपात गिरणी सुटली आणि हा कोकणातला गडी थेट विमानाच्या पोटात शिरला. बसायला नव्हे हो, पेट्या रचायला! पण बोरीवलीत त्याचा रुबाब वैमानिकाचा. कोणी गल्फला निघालं की आधी काशीरामकडे. "दुबई ना? बाराशे मैल, दीड तास. झकास!" हे गणित त्यानं मार्कसच्या तिकिटावरून मांडलेलं. सुटणार आठला, पोचणार साडेनऊला. झाले दीड तास!

हा मार्कस खाडीपलीकडच्या गोराईचा, दुबईला नोकरीला. त्याची आई मोनिका बोरीवलीच्या बाजारात भाजी विकायची. तिचा काशीरामवर देवासारखा भरवसा. चौऱ्याऐंशी साली तिच्या ज्युलियाचं लग्न ठरलं. बाप नव्हता, तेव्हा चर्चमध्ये हात धरून न्यायला भाऊच हवा, असा पोरीचा हट्ट. आणि मार्कसला रजा मिळाली ती नेमकी लग्नाच्या दिवसापासून. तार आली, दुबईहून विमान अकराला सुटतं. फादर म्हणाले, लग्न चारला लावू की सहाला?

मोनिकानं काशीरामला विचारलं.

"चारच! साडेबाराला पोरगा सहारला, तीनला गोराईत. सहाला कशाला, पाव्हण्यांची होडी चुकेल."

ज्युलियाचा मामा जॉनी होडीवाला. तो म्हणाला, "बाराशे मैल दीड तासात? विमान हाय का बंदुकीची गोळी?"

"तू होडी वल्हव रे. विमानाचं मला विचार!"

सगळे हसले. चार ठरले.

त्या दिवशी काशीराम रजा टाकून साडेबारालाच दाराशी उभा. दीड वाजला, अडीच वाजले. तोंडचं पाणी पळालं त्याच्या. सव्वाचारला मार्कस बाहेर आला.

"काय रे हा उशीर विमानाला!"

"उशीर? वेळेवर उतरलं काका. तीन तास लागतातच." त्यानं मनगट पुढे केलं. घड्याळात पावणेतीन, आणि भिंतीवर सव्वाचार. "तिकडचं घड्याळ दीड तास मागं चालतं ना. तिकिटावर ज्या त्या गावची वेळ लिहितात."

काशीरामला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. टॅक्सीत मार्कस पुढे बसला, हा मागे. बोरीवली आली, होडी आली.

पावणेसहाला गोराईत पोचले, तर मांडवात वाजंत्री चाललेली. मामानं हात धरून नेलं होतं. भावाला बघताच ज्युलियाला रडू फुटलं. आणि लोक? लोक काशीरामची पाठ थोपटत होते! बिचारा दुपारपासून ताटकळला म्हणून मोनिकानं त्याला मानाची खुर्ची दिली, वडे वाढले. मार्कसनं मान खाली घातली, पण आईला काही बोलला नाही. त्याची ती मुकी दया काशीरामला चपलेच्या मारापेक्षा जास्त लागली. गप्प राहिला असता तर कोणाला कळणार होतं, सांगा?

मोनिका पदर खोचून समोर आली. "मेलं ते विमान! आजच का उशीर करायचा होता त्याला? तू तिथलाच ना काशीराम, काय झालेलं रे त्याला?"

काशीराम खुर्चीवरून उठला आणि म्हणाला, "विमान वेळेवर इला गो मोनिकाबाय. चुकलो मी. तिकडचं घड्याळ मागं असतं हे मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही म्हणायची लाज वाटली. फादर सहा देत होते, चार मी सांगितले. तुझ्या पोरीचा हात धरायला भाऊ नव्हता, तो माझ्यामुळं."